सीसीएसमधून ‘होल चाइल्ड मॉडेल’मध्ये जाताना: रोझव्हिलच्या एका आईला उत्तर

ऑक्टोबर २०२४मधलं हे उत्तर. कॅलिफोर्नियात प्लेसर काउंटीतल्या रोझव्हिलला राहणाऱ्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेसहा वर्षांची. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली, सेरेब्रल पाल्सी आहे, फिट्स येतात, पोटाला जी-ट्यूब आहे, म्हणजे थेट पोटात अन्न द्यायची नळी. नवऱ्याच्या कंपनीचा विमा पहिला, त्याच्यामागे मेडि-कॅल (राज्याचा सरकारी आरोग्यविमा) आणि गंभीर आजारी मुलांसाठीचा कार्यक्रम कॅलिफोर्निया चिल्ड्रन्स सर्व्हिसेस, म्हणजे सीसीएस. आता पत्र आलंय की १ जानेवारी २०२५पासून सीसीएसचं काम काउंटीऐवजी पार्टनरशिप हेल्थप्लॅन हा मेडि-कॅलचा प्लॅन बघणार; या बदलालाच ‘होल चाइल्ड मॉडेल’ म्हणतात. पालो आल्टोचे न्यूरॉलॉजिस्ट सुटतील का? नव्या व्हीलचेअरची मापं नुकतीच घेतलीत, तिचं काय? इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या काउंटीच्या नर्स आता भेटणारच नाहीत का? नवरा म्हणतो एवढी कटकट असेल तर मेडि-कॅल सोडूनच देऊ, ते बरोबर आहे का? ग्रीन कार्डावर याचा काही परिणाम होईल का? आणि दिवसा घरी आजीच असते, तर प्लॅनचे फोन तिने कसे घ्यायचे?

ताई, आधी हे ऐका: मेडि-कॅल सोडू नका. १ जानेवारीच्या सकाळी तुमच्या मुलीचं काहीही आपोआप बंद पडणार नाही. डॉक्टर, औषधं, थेरपी यांतलं बरंचसं कायद्याने बांधून घेतलेलं आहे. मला खरी काळजी वाटते ती व्हीलचेअरची, कारण ती अर्धी या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला अडकायची दाट शक्यता आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

मी लहान मुलांची नर्स. शिक्षण मिरजेला झालं, नोकरीची बहुतेक वर्षं कॅलिफोर्नियात गेली. २०१८-१९मध्ये हाच बदल पहिल्या काउंट्यांत झाला तेव्हा मी काउंटीच्या सीसीएसमध्ये केस मॅनेजर होते आणि नंतर प्लॅनच्या बाजूने तेच काम केलं. कागद दोन्हीकडच्या टेबलांवरून कसा फिरतो आणि कुठे अडतो, हे मी जवळून पाहिलंय.

हा बदल का होतोय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पत्रातली भाषा समजायला सोपी जाईल. सीसीएस हा मेडि-कॅलच्याही कितीतरी आधीचा, १९२७चा कार्यक्रम. एकवीस वर्षांखालच्या मुलांना कॅन्सर, हिमोफिलिया, सिस्टिक फायब्रोसिस, हृदयाचे जन्मजात दोष, सेरेब्रल पाल्सी असं काही गंभीर असेल तर उपचार सीसीएसने पारखून घेतलेल्या डॉक्टरांकडे आणि केंद्रांतच व्हायचे, आणि मंजुरी द्यायची काउंटी. पुढे मेडि-कॅलवरची माणसं मॅनेज्ड केअर प्लॅनमध्ये, म्हणजे दर माणसामागे ठरावीक रक्कम घेऊन उपचार सांभाळणाऱ्या संस्थांत, जायला लागली तेव्हा या मुलांचे हाल होतील अशी भीती होती. म्हणून १९९४च्या कायद्याने सीसीएसचे उपचार प्लॅनच्या बाहेर काढून ठेवले. तेव्हापासून एकाच मुलाचे दोन मालक झाले. सर्दी, ताप, लशी प्लॅनकडे; मुख्य आजार काउंटीकडे.

कागदावर हे सोपं वाटतं. पण तुमच्या मुलीसारखं मूल न्यूमोनियाने दवाखान्यात दाखल झालं की लगेच प्रश्न यायचा: हा न्यूमोनिया गिळताना अन्न श्वासनलिकेत गेल्यामुळे झाला, म्हणजे मूळ आजारातून आला, की साधा? मूळ आजारातून असेल तर सीसीएस, साधा असेल तर प्लॅन. सीसीएस म्हणायचं आमचा नाही, प्लॅन म्हणायचा आमचा नाही. मूल बरं होऊन घरी यायचं तरी टोलवाटोलवी सुरूच. बिलाचं एक वेळ जाऊ द्या, पण घरी न्यायच्या सक्शन मशीनची मंजुरीही त्याच वादात लटकायची आणि मशीन नाही म्हणून डिस्चार्ज लांबायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. त्यामुळे ‘सगळं मूल एकाच ठिकाणी’ ही कल्पना मला पहिल्यापासून पटलेली आहे. होल चाइल्ड मॉडेल या नावामागे एवढंच आहे.

२०१६ साली सिनेट बिल ५८६ मंजूर झालं आणि काउंटीने चालवलेले सार्वजनिक प्लॅन जिथे आहेत तिथे हे एकत्रीकरण करायची परवानगी मिळाली. १ जुलै २०१८ला सॅन मटेओ, मर्सेड, मॉन्टरे, सांता क्रूझ, सॅन लुइस ओबिस्पो आणि सांता बार्बरा. जानेवारी २०१९ला पार्टनरशिपच्या उत्तरेकडच्या चौदा काउंट्या. जुलै २०१९ला ऑरेंज. आता प्लेसरबरोबर ब्यूट, कलूसा, ग्लेन, मॅरिपोसा, नेवाडा, प्लमस, सॅन बेनिटो, सिएरा, सटर, टेहामा आणि युबा. तुमच्या शेजारची सॅक्रमेंटो काउंटी मात्र यात नाही. म्हणजे उद्या तुम्ही घर बदलून फॉल्समला गेलात तर पुन्हा जुन्या पद्धतीत जाल. अलामेडा आणि सांता क्लाराही जुन्याच पद्धतीत आहेत. म्हणून फ्रीमाँटच्या किंवा सनिव्हेलच्या मैत्रिणीने सांगितलेला अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. घर घेताना शाळा बघतो तशी काउंटीही बघा, हे मी अशा प्रत्येक कुटुंबाला सांगते.

तुमच्या मनातली भीती मी ओळखते: प्लॅनला दर मुलामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते, मग खर्च कमी करण्याकडेच त्यांचा कल असणार. ही भीती निराधार नाही. टेक्सासने १ नोव्हेंबर २०१६ला ‘स्टार किड्स’ नावाने अपंग आणि गंभीर आजारी मुलांना मॅनेज्ड केअरमध्ये नेलं, ते बहुतांशी खाजगी कंपन्यांच्या हाती दिलं, आणि घरी येणाऱ्या नर्सचे तास कापले गेल्याच्या तक्रारी तिथे पालकांनी जाहीरपणे मांडल्या. पार्टनरशिप ही नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, सार्वजनिक प्लॅन आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात टेक्सासपेक्षा जास्त कुंपणं घातलेली आहेत. पण कुंपण आहे म्हणून राखणदार नको असं होत नाही. कायद्याने दिलेल्या बहुतेक सवलतींना मुदत आहे, आणि बऱ्याचशा आपण मागितल्या तरच मिळतात. नेमकं घोडं इथेच पेंड खातं. ज्या पालकांनी मुदतीत, लेखी मागितलं त्यांची मुलं या बदलातून सुखरूप पार पडलेली मी पाहिली. जे ‘त्यांना माहीतच असेल’ म्हणून थांबले, त्यांना त्रास झाला.

आता एकेक.

पालो आल्टोचे डॉक्टर. तुमची मुलगी सीसीएसखाली ज्या तज्ज्ञांकडे जाते त्यांच्याकडे प्लॅनमध्ये गेल्यावरही बारा महिन्यांपर्यंत जाता येतं, ते प्लॅनच्या यादीत नसले तरी. अट अशी की त्यांचा आणि मुलीचा आधीपासून संबंध असावा आणि त्यांनी प्लॅनचा किंवा मेडि-कॅलचा, जो जास्त असेल तो दर मान्य करावा. याला ‘कंटिन्युइटी ऑफ केअर’ म्हणतात. फोनवर हेच तीन शब्द वापरा. नुसतं ‘आम्हाला आमचे डॉक्टर हवेत’ म्हटलं तर समोरचा माणूस यादीतले दुसरे डॉक्टर शोधून देतो आणि तुमची मागणी मागणी म्हणून नोंदलीच जात नाही. बारा महिने संपण्याच्या साठ दिवस आधी प्लॅनने तुम्हाला लेखी कळवायचं असतं आणि मुदत वाढवून मागायचा हक्क आहे हेही सांगायचं असतं. ती मागणी थेट राज्याच्या आरोग्यसेवा विभागाच्या संचालकांकडे जाते. ते पत्र आलं की बाजूला ठेवू नका.

त्याखेरीज, प्लॅनलाही सीसीएसने पारखलेल्या डॉक्टरांकडेच पाठवावं लागतं. तसा तज्ज्ञ त्यांच्या यादीत नसेल तर यादीबाहेरचा गाठून देणं त्यांची जबाबदारी आहे. तुमच्या बाबतीत नवऱ्याचा विमा पहिला असल्याने डॉक्टर त्या विम्याच्या यादीत आहेत का, हाच आधीचा प्रश्न. तिथे आहेत तोवर प्लॅनचा संबंध उरलेल्या रकमेपुरता येतो, पण डॉक्टरांचं ऑफिस प्लॅनला बिल पाठवत नसेल तर उरलेली रक्कम कोणी भरायची हा घोळ होतो. म्हणून डॉक्टरांच्या ऑफिसमधल्या बिलिंगच्या बाईंना आत्ताच विचारा की जानेवारीपासून दुसरा विमा म्हणून पार्टनरशिपला बिल पाठवाल ना. डॉक्टरांना विचारून उपयोग नाही. हे बिलिंगलाच माहीत असतं.

आणि एक. रोझव्हिल ते पालो आल्टो सव्वाशे मैलांच्या आसपास. सीसीएसखाली प्रवास, आणि मूल दाखल असताना आईवडिलांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च मागता येतो. तो आता प्लॅनकडून मागायचा. पुष्कळ कुटुंबं हा खर्च वर्षानुवर्षं स्वतः सोसतात, कारण विचारायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं. जायच्या आधी फोन करून मंजुरी घ्या, आल्यावर नाही.

आता व्हीलचेअर. तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या मेडिकल थेरपी युनिटमध्ये सप्टेंबरात मापं घेतली. ते युनिट, म्हणजे एमटीयू, काउंटीकडेच राहणार आहे. थेरपिस्ट त्याच, खोली तीच, आणि त्याला उत्पन्नाची अटही नाही. मुलगी सीसीएससाठी पात्र आहे की नाही हे ठरवणंही प्लॅनच्या हातात जात नाही. पण खुर्चीचे पैसे आणि मंजुरी जानेवारीपासून प्लॅनकडे. म्हणजे माप घेणार काउंटी, औषधपत्र लिहिणार डॉक्टर, कोटेशन देणार खुर्चीवाला, आणि हो म्हणणार प्लॅन. यांच्यात रोज बोलणं होत असेल असं समजू नका.

अशा खुर्चीची फाइल कशी असते ते सांगते. थेरपिस्ट मुलीला मॅटवर बसवून कमरेच्या मागपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत माप घेते, कारण बसायची गादी दोन इंच जरी लांब झाली तरी मूल पुढे घसरतं, पाठीचा बाक वाढतो. मग कमरेची रुंदी, खांद्याची उंची, डोकं कुठल्या बाजूला कलतं, कंबर सरळ होते की एका बाजूला चढलेली राहते. त्यावरून डोक्याचा आधार, छातीच्या बाजूचे आधार, पाय बांधायचे पट्टे आणि मागे कलणारी बैठक ठरते. खुर्चीवाल्याचा माणूस त्याच वेळी हजर असतो आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा कोड लिहितो. मंजुरी देणारी व्यक्ती मुलीला बघत नाही, ती हे कोड बघते. प्रत्येक कोडासमोर ‘का’ लिहिलेलं नसेल तर कागद परत येतो. ‘छातीचे आधार हवेत’ एवढ्यावर मंजुरी मिळत नाही. ‘छातीचे आधार नसतील तर डावीकडे कलते, जी-ट्यूबची जागा दबते आणि दूध चालू असताना उलटी होते’ असं लिहिलं तर मिळते. हे वाक्य थेरपिस्टला तुम्हीच पुरवू शकता, कारण जेवताना तिच्याजवळ तुम्ही असता.

आता तुम्ही करायचं ते असं. एमटीयूला फोन करून विचारा की कागद कुठवर आलेत. डॉक्टरांची सही झाली आहे आणि कोटेशनही तयार आहे, असं असेल तर डिसेंबर संपण्याआधी सीसीएसकडे मंजुरीसाठी जाऊ द्या. मंजुरी मिळाली तर तिचा नंबर, तारीख आणि मुदत कधी संपते हे लिहून घ्या, शक्यतो कागदच मागून घ्या. तोवर कागद तयार होत नसतील तर घाईने अर्धवट पाठवू नका. अर्धवट कागदाला सीसीएस ‘आणखी माहिती द्या’ म्हणेल, तोवर जानेवारी उजाडेल, आणि प्लॅनकडे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. त्यापेक्षा पूर्ण फाइल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्लॅनकडे गेलेली बरी. खुर्चीवाल्यालाही विचारा की पार्टनरशिपशी त्यांचा करार आहे का. नसला तरी खास मापाने बनवलेल्या उपकरणांसाठी त्याच पुरवठादाराकडे बारा महिने राहता येतं, आणि आधीच्या उपकरणाची हमी चालू असेल तर ती मुदत वाढवायचीही सोय कायद्यात आहे. पण पुन्हा तेच, मागावं लागतं.

मागच्या वेळच्या बदलात ट्रेकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) असलेल्या एका मुलाचा पुरवठादार प्लॅनच्या यादीत नव्हता. नव्या पुरवठादाराने ट्यूब त्याच मापाची पाठवली, पण कंपनी वेगळी. वाकण वेगळी असल्याने ती मुलाच्या मानेला टोचायची. आईने जुन्या ट्यूबच्या पाकिटावरचा नंबर जपून ठेवलेला होता, म्हणून दोन फोनमध्ये काम झालं. तुमच्या घरात जी-ट्यूबचं बटण, पंपाच्या पिशव्या, एक्स्टेन्शन सेट जे काही येतं, त्या प्रत्येकाच्या वेष्टणाचा फोटो आज काढून ठेवा. माप, लांबी, कंपनी, मागवायचा नंबर. आणि डिसेंबरचा पुरवठा वेळेवर उचला.

औषधांची फारशी चिंता नको. जानेवारी २०२२पासून मेडि-कॅलची औषधं प्लॅनकडे नाहीतच, ती ‘मेडि-कॅल आरएक्स’मधून थेट राज्याकडून मिळतात, आणि तिथे काही बदलत नाही. फिट्सचं औषध प्लॅन बदलला म्हणून परस्पर कोणी बदलू शकत नाही. ट्यूबमधून द्यायचा फॉर्म्युलाही त्याच वाटेने येतो. गंमत अशी की फॉर्म्युला राज्याकडून आणि तो द्यायचा पंप आणि पिशव्या प्लॅनकडून. एकाचं अडलं म्हणून दुसऱ्याला फोन करू नका, नुसता वेळ जातो. (तुम्ही वरण-भात, भाज्या पातळ करून ट्यूबमधून द्यायचं विचारलंय. ते शक्य असतं, माझ्या ओळखीच्या काही मुलांना चांगलं मानवलंही आहे, पण ट्यूबची जाडी आणि कॅलरी बघून डाएटिशियननेच सुरू करून द्यायला हवं. स्वतःहून नको.)

काउंटीच्या नर्सबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला भरून आलं, कारण त्या खुर्चीत मी बसलेली आहे. कायद्याने तुम्हाला तीच नर्स ठेवायची मागणी करता येते. मात्र ती प्लॅनमध्ये गेल्यापासून नव्वद दिवसांच्या आत करावी लागते. म्हणजे मार्च संपायच्या आत, लेखी. मान्य होईलच असं नाही, कारण काउंटीचं काम कमी झालं की काही नर्स दुसऱ्या विभागात जातात, काही निवृत्त होतात. त्या उपलब्ध नसतील तर अशा मुलांचा अनुभव असलेली व्यक्ती प्लॅनने द्यायची असते. काहीही झालं तरी डिसेंबरात त्यांच्याशी एकदा निवांत बोला. त्यांच्या डोक्यात जे आहे ते संगणकात नसतं. कुठल्या भूलतज्ज्ञाने काय लिहून ठेवलंय, कुठल्या औषधाने मुलगी दिवसभर झोपून राहिली, कुठली मंजुरी कुठल्या वाक्यामुळे मिळाली, हे त्यांना तोंडपाठ असतं. बोलता बोलता लिहून घ्या. आणि सगळ्या चालू मंजुऱ्यांच्या प्रती मागा.

प्लॅनकडून नवीन केअर कोऑर्डिनेटरचा फोन येईल. जास्त जोखमीच्या मुलांचं मूल्यांकन नव्वद दिवसांत, कमी जोखमीच्या मुलांचं एकशेवीस दिवसांत करायचं असतं. त्या फोनला आपण मराठी माणसं एक गोष्ट हमखास करतो. ‘कशी आहे मुलगी?’ विचारलं की ‘छान आहे, मॅनेज करतोय आम्ही’ म्हणतो. देवाच्या दयेने तसं असेलही, पण तो फोन चौकशीचा नसतो, त्यावर जोखीम ठरते. रात्री किती वेळा उठावं लागतं, शेवटची मोठी फिट कधी आली, वर्षात किती वेळा इमर्जन्सीत गेलात, तिला उचलताना तुमची पाठ धरते का, आजी परत गेल्यावर दिवसभर कोण बघतं, हे सगळं खरं खरं सांगा. चांगल्या दिवसाचं नाही, वाईट दिवसाचं वर्णन करा. मग जी काळजी-योजना बनेल तिची प्रत मागा आणि त्यात व्हीलचेअरचं नाव आहे का ते बघा.

आता नकाराच्या पत्राबद्दल, कारण कधी ना कधी एखादं येईलच. त्याला ‘नोटीस ऑफ अ‍ॅक्शन’ म्हणतात. आलं की पहिल्यांदा तारीख बघा, मग हे बघा की नवीन मागितलेलं नाकारलंय की चालू असलेलं कमी केलंय. चालू सेवा, उदाहरणार्थ घरी येणाऱ्या नर्सचे तास, कमी केले असतील तर दहा दिवसांत अपील करा आणि त्यात निकाल लागेपर्यंत सेवा चालू ठेवा असं स्पष्ट लिहा. दहा दिवस उलटले तर अपील करता येतं, पण मधल्या काळात सेवा चालू राहीलच याची हमी जाते. नवीन मागणी नाकारली असेल, तुमच्या खुर्चीसारखी, तर हा दहा दिवसांचा नियम कामाचा नाही. तिथे अपिलाला साठ दिवस आहेत. प्लॅनने तीस दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि थांबल्याने मुलाला धोका असेल तर बहात्तर तासांत. तिथेही नाही म्हणाले तर राज्याकडे सुनावणी मागायला एकशेवीस दिवस मिळतात. सुनावणी म्हटलं की आपल्याला कोर्टकचेरी आठवते आणि घाम फुटतो. पण हे फोनवरही होतं, वकील लागत नाही, आणि सुनावणी मागितल्यावर प्लॅनच आपला निर्णय पुन्हा तपासून हो म्हणतो असं मी कितीदा पाहिलंय. मदत लागली तर डिसअ‍ॅबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया ही संस्था मोफत कायदेशीर सल्ला देते.

अपिलात काय लिहायचं? मेडि-कॅलवरच्या एकवीस वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राचा एक नियम आहे, ईपीएसडीटी. मोठ्या माणसांना न मिळणाऱ्या गोष्टीही मुलांना त्याखाली द्याव्या लागतात, त्या वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या असतील तर. आणि ‘गरजेच्या’चा अर्थ मूल बरं होईल एवढाच नाही. त्रास कमी होणं, आहे ती स्थिती टिकणं, बिघाड लांबणं हेही त्यात बसतं. ‘थेरपीने प्रगती दिसत नाही म्हणून बंद’ असं कारण दिलं तर उत्तरात हेच म्हणायचं: प्रगती नाही, पण थांबवली तर सांधे आखडतील, आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. आपल्या शब्दांपेक्षा डॉक्टरांच्या दोन ओळी जास्त वजनदार ठरतात, तेव्हा त्या मागून घ्यायला संकोच करू नका.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी समजू शकते. चांगला पगार आहे, विमा आहे, मग सरकारी कागदांच्या मागे कशाला लागायचं? पण तुमच्या मुलीला मेडि-कॅल तुमच्या उत्पन्नावर मिळालेलं नाही. अल्टा कॅलिफोर्निया रीजनल सेंटर या अपंगांना सेवा मिळवून देणाऱ्या संस्थेमार्फत विकासात्मक अपंगत्वाच्या वेव्हरखाली, म्हणजे नेहमीच्या अटींतून दिलेल्या सवलतीखाली मिळालंय, ज्यात आईवडिलांचं उत्पन्न धरत नाहीत. ते सोडलंत तर नुसत्या सीसीएससाठी उत्पन्नाची अट येते: वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आत, किंवा आजाराचा खर्च उत्पन्नाच्या वीस टक्क्यांवर. आयटीतल्या कुटुंबाला पहिली अट बसत नाही आणि दुसरी दरवर्षी सिद्ध करत बसावी लागते. कंपनीचा विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. लेऑफ झाला तर त्या महिन्यात मुलीच्या मागे उभं राहणारं दुसरं काही नाही. घरी येणारी नर्स, मदतनीसाचे तास यांतलं बरंच काही तुमचा खाजगी विमा देतच नाही, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे.

नोकरीवरून आठवलं. नवऱ्याने कंपनी बदलली, विमा बदलला, तर मेडि-कॅलच्या नोंदीत जुना विमा तसाच राहतो आणि फार्मसीत औषध अडतं, ‘आधी दुसऱ्या विम्याला बिल पाठवा’ म्हणून, जो विमा आता अस्तित्वातच नाही. ही नोंद राज्याच्या आरोग्यसेवा विभागाच्या संकेतस्थळावर फॉर्म भरून दुरुस्त होते. नोकरी बदलली की त्याच आठवड्यात हे करून टाका. आणि खाजगी विम्याने काही नाकारलं की ते पत्र जपा. मेडि-कॅल सगळ्यात शेवटी पैसे देणारं असल्याने ते पत्र नसेल तर पुढचं चाक हलत नाही.

ग्रीन कार्ड. ऑक्टोबर २०२४मध्ये लागू असलेल्या २०२२च्या नियमानुसार मेडि-कॅलचे नेहमीचे उपचार ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का या तपासणीत, धरत नव्हते, सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत ठेवलेलं असेल तर तेवढंच धरत. शिवाय मुलगी इथे जन्मलेली, अमेरिकन नागरिक. तिच्या नावावरचा लाभ त्या नियमानुसार तुमच्या अर्जात मोजला जात नव्हता. मधे २०१९चा कडक नियम आला होता, त्यातसुद्धा एकवीस वर्षांखालच्या मुलांचं मेडिकेड (कॅलिफोर्नियात त्यालाच मेडि-कॅल म्हणतात) वगळलेलं होतं. सरकार बदललं की नियम बदलू शकतात, तेव्हा अर्ज करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, मैत्रिणींच्या ग्रुपवर नाही. त्या भीतीपोटी मुलीचे उपचार सोडू नका.

राहिला आजीचा प्रश्न. तुम्ही दोघं कामावर असता आणि प्लॅनचे फोन नेमके दुपारी येतात. प्लॅनची पत्रं मराठीत येणार नाहीत, पण फोनवर मराठी दुभाषी मोफत मिळायचा हक्क आहे, आणि तो मागितल्यावर त्यांनी द्यायलाच हवा. आजीने माहिती द्यावी असं वाटत असेल तर तिचं नाव आधी प्लॅनकडे लेखी नोंदवा, नाहीतर गोपनीयतेच्या नियमामुळे ते तिच्याशी बोलणार नाहीत. मुलीचा मेंबर नंबर फोनजवळ चिकटवून ठेवा. आणि आजीला एवढंच शिकवा की ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणायचं आणि माणूस येईपर्यंत फोन ठेवायचा नाही.